काटा तुम्ही सांभाळा, भावात हात घालू नका

प्रति,
मा. केंद्रीय कृषिमंत्री, मा. केंद्रीय वाणिज्यमंत्री, मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
मा. अध्यक्ष, सेबी,
मा. कृषिमंत्री व मा. पणनमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : शेतमालाचा भाव आणि शेतकऱ्याची निवड



२८ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांवरून ५,३२८ वर गेले. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. पहिली बातमी आमच्यासाठी होती, दुसरी शहरातल्या फोडणीसाठी. आम्ही पहिली ऐकली आणि बियाण्याच्या बॅगा घरी आणल्या. बाजाराने दुसरी ऐकली आणि भाव ठरवला.

कापसाचेही तसेच झाले. त्याच दिवशी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाले. पेरण्या झाल्या, डवरणी-निंदण झाले, पात्या-फुले लागली. मग १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. लगेच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. आमच्याकडे सीतादहीची पूजा करून वेचणीला हात लावतात तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे परदेशी गाठी बिनशुल्क येण्याचे दिवस आणि आमचा कापूस घरात येण्याचे दिवस एकच. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले, कापड उद्योग अडचणीत आला, हे आम्हाला कळते. त्यांची अडचण सोडवायला वेचणीचाच मुहूर्त का लागतो, ते कळत नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी. आमचे लोक जिल्ह्याचे दोन भाग पाडतात, घाटावर आणि घाटाखाली. घाटावर चिखली, मेहकर, लोणारकडे सोयाबीनचा जोर. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोदकडे कापसाचा. माझी जमीन घाटावर आणि सासुरवाडी घाटाखाली, त्यामुळे दोन्ही पिकांची रडगाणी घरबसल्या ऐकायला मिळतात.

भाव वाढवून द्या, हे मागायला हे पत्र लिहिलेले नाही. ते मागणारे पुष्कळ आहेत आणि आश्वासन देणारे त्याहून जास्त. माझे म्हणणे थोडके आहे. काटा तुम्ही सांभाळा, भावात हात घालू नका. मदत करायचीच असेल तर ती रोख, उघड आणि पेरणीआधी करा. काय पेरायचे, कोणते बी वापरायचे, माल कधी आणि कोणाला विकायचा, हे ज्याचा तोटा होणार आहे त्याला ठरवू द्या.

भाव हा बाजाराने धाडलेला निरोप असतो. सोयाबीनचेच बघा. क्विंटलभर सोयाबीन गाळले की तेल निघते साधारण १८ किलो. बाकी राहते ती पेंड, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशात जाते. म्हणून चिखलीच्या हर्रासात बोलला जाणारा आकडा एकट्या चिखलीचा नसतो. त्यात अर्जेंटिना-ब्राझीलचे पीक असते, इंडोनेशियाचे पाम तेल असते, शिकागोचा वायदा असतो. अलीकडे त्यात इथेनॉलची भर पडली आहे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा डीडीजीएस या नावाने खाद्यात स्वस्तात मिसळला जातो आणि तेवढी सोयापेंडीची मागणी घटते. सोयाबीनवाल्याला हा निरोप कडू आहे, पण खरा आहे. तो ऐकून अनेकांनी सोयाबीन कमी करून मका लावला. त्यासाठी कोणाला जीआर काढावा लागला नाही. इथेनॉलची मागणीही सरकारनेच तयार केली, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट काही वर्षे आधी जाहीर झाले होते. मक्याचा हिशेब मांडायला शेतकऱ्याला वेळ मिळाला. धोरण आधी सांगून राबवले की त्याच्याशी जुळवून घेता येते. हंगामाच्या मध्यात फिरले की नुसते सोसावे लागते.

२०२१ आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेले. घरात माल असलेले शेतकरी तेव्हा मोजकेच, पण पेरून बसलेल्या सगळ्यांच्या आशा वाढल्या. त्याच ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुक-सुधारित सोयापेंड आयात करायची परवानगी निघाली. डिसेंबरमध्ये सोयापेंड जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घालून तिच्या साठ्यावर मर्यादा आणली. त्याच महिन्यात सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी यांच्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले. कोंबडीचे खाद्य जीवनावश्यक ठरले. ते पिकवणाऱ्याचा संसार कोणत्या यादीत बसतो, ते अजून कोणी सांगितलेले नाही. नवा माल आला की भाव उतरतोच, हे मान्य. पण त्या वर्षी जो उतरला त्यात सुगीचा हात किती आणि आदेशांचा किती, हे वेगळे काढायला जागाच उरली नाही.

वायदेबंदी एका वर्षासाठी म्हणून आली होती. कधी वर्षाने, कधी महिना-दोन महिन्यांनी वाढवत ती ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली गेली. सेबीच्या अध्यक्षांना नम्रपणे विचारतो, या काळात सोयाबीनच्या शेतकऱ्याचे नेमके काय भले झाले? वायद्यात शेतकरी व्यवहारच करत नाही, असे सांगितले जाते. करणारे थोडे होते, हे खरे. पण जूनमध्ये पेरताना ऑक्टोबर-नोव्हेंबरचा भाव बाजाराला काय दिसतो, हे आम्हाला फुकटात बघायला मिळत होते. मोबाइलवर तो आकडा बघून सोयाबीन किती आणि तूर किती हे ठरवणारी शिकलेली पोरे गावोगावी तयार होत होती. सट्टेबाजी रोखायची तर मार्जिन वाढवा, सौद्यांवर मर्यादा घाला, घोटाळा करणाऱ्याला धरा. वायदा बंद केल्याने सट्टा बंद झाला नाही, तो आम्हाला दिसायचा बंद झाला. मोठ्या व्यापाऱ्याकडे शिकागोचा भाव येतोच, आयातदाराचा फोनही येतो. अंधारात राहिला तो पेरणारा.

बाजार आमच्या भागाला नवा नाही. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. तेव्हापासून खामगावच्या सौद्यावर सातासमुद्रापलीकडच्या भावाची सावली आहे. तेव्हा लबाडीही होत होती, वजनात, दलालीत, कपातीत. म्हणून १८८६ मध्ये कारंज्याला, आताच्या वाशिम जिल्ह्यात, नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. बाजाराची जागा, वजनमापे, दलाल-मापाऱ्यांचे परवाने, समिती यांची बांधणी त्या कायद्याने केली. भाव ठरवायच्या भानगडीत तो पडला नाही. इंग्रजांचे गोडवे गायचे कारण नाही, त्यांचा जीव गिरण्यांत होता. पण काटा सरकारचा आणि भाव बाजाराचा, ही वाटणी त्या कायद्यात स्पष्ट होती.

ती मोडली १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजनेने. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, दुसरीकडे विकला तर गुन्हा. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवणूक आणि हमखास भाव. प्रत्यक्षात बाहेर भाव चढला की इकडचा कापूस रातोरात राज्याबाहेर निघायचा. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस आमच्या केंद्रांवर येऊन आमच्याच नावाने मापला जायचा. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, राज्याच्या सीमेपलीकडचा बऱ्हाणपूरचा बाजार हाकेच्या अंतरावर. स्वतःच्या शेतातला कापूस तिकडे नेणारा शेतकरी तस्कर ठरला. चुकारे रखडायचे. चढउतार निधी म्हणून कपात, भांडवल म्हणून कपात. तीस वर्षांनी, २००२ मध्ये मक्तेदारी उठली तेव्हा मागे उरला तो साठलेला तोटा. शरद जोशींची शेतकरी संघटना रास्त भाव मागत उभी राहिली, आणि झोनबंदी, म्हणजे राज्याबाहेर कापूस नेण्यावरची बंदी, उठवा ही मागणीही तिने तितक्याच जोराने केली. शेतकऱ्याला अनुदान मिळते असे सरकार म्हणत होते, तेव्हा ते अनुदान उणे आहे, सरकारच भाव पाडते आहे, हे जोशींनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडले.

एकाधिकार गेला, सवय गेली नाही. २०१५ मध्ये तूरडाळ महागली. साठ्यावर मर्यादा आल्या, पाठोपाठ डाळी वाढवा असे आवाहन झाले. शेतकऱ्याने ऐकले. २०१७ च्या सुरुवातीला तूर इतकी आली की बाजारभाव ५,०५० च्या हमीभावाखाली गेला, खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती. ती उठली त्याच वर्षाच्या उत्तरार्धात, शेतकऱ्याच्या घरातली तूर निघून गेल्यावर.

याच्या उलट टोकाचा प्रयोगही राज्याने करून पाहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये बातमी आली, हमीभावापेक्षा कमी दराने माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि ५० हजार रुपये दंड. शेतकऱ्याला वाटले, आता सापडले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजारात खरेदीदारच उभा राहिना. मूग-उडदाची पोती आवारात आणि हर्रास बंद. शेवटी तसा निर्णय अमलात आलेला नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. हमीभावाने विकत घ्यायचे वचन सरकारचे आहे. ते व्यापाऱ्याच्या गळ्यात बांधले की व्यापारी दुकान बंद करतो, आणि बंद दुकानासमोर शेतकऱ्याला कसली निवड?

आदेशाने दाबलेला भाव दुसऱ्या वाटेने बाहेर येतो, हे कृषी सेवा केंद्रात जाऊन बघा. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, ठळक छापलेली. हंगामात ती मागितली की दुकानदार सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली पुढे करतो. नको म्हटले तर युरिया संपला. याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. दुकानदाराला विचारले तर तो वरच्याकडे बोट दाखवतो, आम्हालाही माल असाच मिळतो म्हणतो. कारवाईच्या बातम्या दर जूनमध्ये येतात, लिंकिंगही दर जूनमध्ये होते. गोणीवरचा भाव खरा की बाटलीसकटचा?

आता काट्याकडे येतो, कारण तुमचे खरे काम तिथे आहे आणि तिथेच तुम्ही दिसत नाही.

२०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजार चार हजारांच्या आसपास होता. एकरी आठ क्विंटल धरले तर एकरामागे सात हजारांचा फरक. म्हणून माल भरून एका खरेदी केंद्रावर गेलो. ग्रेडरने पोत्यात टोकदार नळी खुपसली, मूठभर दाणे यंत्रात ओतले, बटण दाबले. आकडा आला १३.४. नियम १२ चा. "वाळवून आणा." ट्रॅक्टरचे भाडे अंगावर, मळणीवाल्याचे पैसे द्यायचे, हरभऱ्याला वाफसा आलेला. तोच ट्रॅक्टर वळवून एका व्यापाऱ्याकडे नेला. त्याच्या यंत्रात तेच सोयाबीन १५ निघाले. त्याने ओलाव्याची कपात लावली, माती-काडीची वेगळी लावली आणि पट्टी हातात दिली. दोन यंत्रांत दीड टक्क्याहून जास्त फरक. ती शेवटची कधी तपासली, याचा कागद ना त्या यंत्रावर ना या. हंगामभर एकेका आवारात शेकडो शेतकऱ्यांचे उत्पन्न अशा डबीएवढ्या यंत्रावर ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, केंद्राने ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केली. तोवर गरजूंचे सोयाबीन गेले होते. मर्यादा मतदानाच्या दिनदर्शिकेने हलते, यंत्र मात्र कोणी तपासत नाही. सरकारचा हात नको तिथे भावात, आणि हवा तिथे काट्यावर नाही.

बियाण्याचीही तीच गत. बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली, बोलगार्ड-२ ला २००६ मध्ये. त्यापुढचे तंत्रज्ञान अधिकृतपणे आमच्या शेतापर्यंत आले नाही. गुलाबी बोंडअळी मात्र थांबली नाही. २०१७ च्या हंगामात तिने वऱ्हाडातली बोंडेच्या बोंडे किडवली. सरकारने बियाण्याचा भाव बांधला, त्याचा आम्हाला फायदा झाला, हे नाकारणार नाही. बीटीची पाकिटे सुरुवातीला सोळा-सतराशेला घेतलेले लोक आहेत. २०१६ पासून केंद्र दरवर्षी कमाल किंमत ठरवते. २०२५ मध्ये बोलगार्ड-२ चे पाकीट ९०१ रुपयांना होते. पण तंत्रज्ञानाचे शुल्क पाकिटामागे १६३ रुपयांवरून ४९, मग ३९, मग २० आणि २०२० मध्ये शून्य झाले. त्याच २०१६ मध्ये तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्ज हे तंत्रज्ञान आणणाऱ्या कंपनीने मागे घेतला. पाकीट स्वस्त राहिले, त्यात नवे काही यायचे थांबले.

शेतकऱ्याने मात्र निवड थांबवली नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी पेलत नाही, पाऊस लागला की आठ दिवसांत तण कमरेला येते. मग एचटीबीटीचे, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या बीटी कापसाचे, पाकीट घेतले जाते, बिनापावतीचे, बिनानावाचे, कोणाच्या तरी मोटरसायकलच्या डिकीतून. उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार? १० जून २०१९ रोजी शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला, शेतकरी संघटनेने हे बी जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. तेव्हाच्या पर्यावरण संरक्षण कायद्यात या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. त्यानंतरही परवानगी मिळाली नाही आणि पेरा थांबला नाही. या बियाण्याने जमिनीला किंवा माणसाला धोका असेल, तर अभ्यास करून तसे लिहून सांगा, आम्ही ऐकू. नसेल तर पावतीसह विकू द्या. दोन्ही न करता वर्षानुवर्षे गप्प बसण्याने भले होते ते फक्त डिकीवाल्याचे.

यात आणखी एक गंमत आहे. आपण जे सोयातेल आयात करतो ते मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचे, आणि तिथले सोयाबीन जनुक-सुधारित. २०२१ ची सोयापेंडही त्याच जातीची होती. म्हणजे जनुक-सुधारित सोयाबीन खायला चालते, कोंबडीला घालायला चालते, फक्त लोणार-मेहकरच्या शेतकऱ्याने पेरायला चालत नाही. त्या वाणाशी भावाची स्पर्धा मात्र त्याने करायची.

आता तुमच्या बाजूने जे बोलले जाते, त्याकडे वळतो. बाजारावर एवढा विश्वास कशाला, व्यापारी संगनमत करतात, दुबळा शेतकरी नागवला जाईल, असे पुष्कळ जण प्रामाणिकपणे मानतात. संगनमत होते, मी डोळ्यांनी पाहिले आहे. हर्रासात चौघे असून बोली एकाचीच लागते. बुलढाणा हा २००६ मध्ये पंतप्रधानांच्या ३,७५० कोटींच्या पॅकेजमध्ये आलेल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. इथे कोणी बाजाराची आरती ओवाळत नाही. मळणीच्या दिवशीच माल विकावा लागणाऱ्याला निवड असते, असे मी म्हटले तर माझाच भाऊ मला वेड्यात काढील.

पण त्यावर उपाय आणखी खरेदीदार हा आहे, आणि थांबण्याची ताकद हा आहे. ती ताकद कागदावर आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलायची, सहा महिन्यांत सोडवायचा. याहून सरळ योजना सरकारला सुचलेली नाही. पण ती चालवायची बाजार समितीने. जिच्याकडे गोदाम रिकामे आणि फिरवायला पैसा आहे ती चालवते, बाकीच्या नुसता फलक लावतात. शुल्काचे आदेश एका रात्रीत निघतात, गोदामाची जागा मात्र वर्षानुवर्षे निघत नाही. कुठला हात आखडता घ्यायचा आणि कुठला पुढे करायचा, एवढेच उलटे झाले आहे.

ग्राहकाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. महागाईने बुलढाण्यातली मजूर बाईही होरपळते. ती वर्षातले चार महिने शेतमजूर आणि बारा महिने ग्राहक असते. तिला तेल-डाळ परवडत नसेल तर रेशनवर द्या, खात्यात पैसे द्या, तो खर्च अर्थसंकल्पात दाखवा. सगळ्या देशासाठी भाव पाडला की तिला चार रुपये वाचतात, मॉलमध्ये गाडी भरणाऱ्यालाही चारच वाचतात, आणि त्याचे बिल तिला कामावर बोलावणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर फाटते. मग तो शेतकरी पुढच्या वर्षी निंदणाला दोन बाया कमी बोलावतो.

मदत देण्याची बरी वाटही राज्याला एकदा सापडली होती. २०२३ च्या खरिपासाठी कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाले. दिशा बरोबर होती, पैसे थेट हातात आणि बाजाराच्या भावाला धक्का नाही. दोन गोष्टी चुकल्या. रक्कम आली निवडणुकीच्या तोंडावर, २०२४ च्या सप्टेंबरअखेरपासून, म्हणजे वर्षापूर्वीच्या पिकाची. आणि ती दोनच पिकांना बांधली. ज्याने भाव ओळखून वेळीच मका किंवा ज्वारी पेरली, त्याला काहीच नाही. ज्याने पडत्या भावाचे पीक धरून ठेवले, त्याला बक्षीस. शहाणपणाने निवड करणाऱ्याला शिक्षा करणारी मदत कितीही मोठी असली तरी शेती सुधारत नाही.

म्हणून मागण्या अशा :

१. हमीभाव जाहीर होईल त्याच दिवशी त्या पिकाचे, त्याच्या तेलाचे, पेंडीचे आणि रुईचे आयात-निर्यात शुल्क जाहीर करावे आणि ३१ जानेवारीपर्यंत ते बदलू नये. बदलावेच लागले तर भावातला फरक शेतकऱ्याला भरून द्यायची तरतूद त्याच आदेशात असावी.

२. साठ्यावरची मर्यादा सुगीच्या चार महिन्यांत लावू नये. माल शेतकऱ्याच्या हातात असताना साठवणारा गिऱ्हाईक त्याला हवा असतो.

३. सोयाबीन, हरभरा, मोहरीचे वायदे नियमांसह खुले करावेत. पुन्हा कधी बंद करायचे झाल्यास कारणे आणि नंतरचे परिणाम लेखी प्रसिद्ध करावेत.

४. शेतीची मदत पेरणीआधी, हेक्टरी, आणि कोणत्याही पिकाची अट न घालता द्यावी. खतांचे अनुदानही टप्प्याटप्प्याने याच वाटेने यावे, म्हणजे लिंकिंगचे मूळच जाईल.

५. बियाण्याच्या प्रत्येक अर्जावर ठरलेल्या मुदतीत, कारणांसह, होय किंवा नाही असे उत्तर द्यावे.

६. प्रत्येक ओलावामापक यंत्रावर तपासणीची तारीख आणि शिक्का असावा, खरेदी केंद्रावरच्याही आणि व्यापाऱ्याकडच्याही. बाजार समितीत शेतकऱ्याला फुकट वापरायला एक यंत्र ठेवावे.

७. शेतमाल तारण योजनेसाठी घाटावर आणि घाटाखाली, प्रत्येक तालुक्याला, सोयाबीनची सुगी सुरू होण्याआधी गोदाम आणि निधी उपलब्ध करावा.

यातल्या पाच मागण्यांना फार पैसा लागत नाही. चौथीला लागतो, पण तो आज वेगवेगळ्या नावांनी खर्च होतोच आहे. सातवीला लागतो, आणि तो एकदाच.

भाव खुले सोडले तर काही वर्षी आम्ही मार खाऊ, हे मला ठाऊक आहे. ब्राझीलमध्ये पाऊस चांगला झाला म्हणून चिखलीत भाव पडेल, तेव्हा तुमच्या दारात येऊन कोणी बोंब मारली तर त्याला हे पत्र दाखवा. स्वतःच्या निवडीने झालेला तोटा पचवायची सवय कोरडवाहू शेतकऱ्याला आहे. तो दरवर्षी आभाळाच्या भरवशावर पैसा जमिनीत पेरतो. पचत नाही तो मागून, न सांगता झालेला तोटा.

मृगाच्या आधी पुन्हा हमीभाव जाहीर होतील. त्या पत्रकात यंदा एक ओळ वाढवा : या पिकांच्या आयात शुल्कात ३१ जानेवारीपर्यंत बदल होणार नाही. एवढी ओळ छापलीत तर काय पेरायचे ते आम्ही बघून घेऊ.

आपला,
घाटावरचा एक सोयाबीन उत्पादक
जिल्हा बुलढाणा